माथेरानच्या टॅरँट्युलाचं बारसं लंडनमध्ये झालं होतं, ते करणाऱ्या पोकॉकची ही गोष्ट

फेब्रुवारी २०१९. सकाळी सकाळी ठाण्यातल्या लोकांच्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरायला लागला. कोरम मॉलच्या आवारात बिबट्या. सीसीटीव्हीत तो आरामात भिंतीपलीकडे जाताना दिसत होता. पुढे काही तासांनी जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून पकडलं. वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणाऱ्यांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही उंच इमारतीच्या गच्चीवर जा आणि पश्चिमेला बघा. कारखान्यांचे पत्रे आणि लोकमान्य नगरची दाटी संपली की लगेच येऊरचा डोंगर उभा राहतो. तिथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. बिबट्या तिथला रहिवासी, तो बातमीत येतो. पण त्याच जंगलात जमिनीतल्या बिळांत आणि झाडांच्या ढोलीत राहणारा आणखी एक रहिवासी आहे आणि त्याची बातमी कधी होत नाही. तो म्हणजे टॅरँट्युला. हाताच्या तळव्याएवढा, केसाळ, आठ पायांचा कोळी. (कोळी म्हटल्यावर ठाणेकराला आधी चेंदणी कोळीवाडा आठवतो, पण आज विषय दुसऱ्या कोळ्याचा आहे.)

या बिबट्याच्या आणि या टॅरँट्युलाच्या शास्त्रीय कागदपत्रांवर एकाच माणसाची छाप आहे. त्याचं नाव रेजिनाल्ड इनेस पोकॉक. आज जगभरातले लोक काचेच्या पेटीत टॅरँट्युला पाळतात, रात्र रात्र जागून त्याच्याकडे बघत बसतात. त्यांच्या पेटीवरच्या लेबलवर नावापुढे बारीक अक्षरात बऱ्याचदा लिहिलेलं असतं, पोकॉक, १८९९.

तर हा पोकॉक होता कोण?

जन्म ४ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या क्लिफ्टन भागातला. वडील धर्मोपदेशक. शाळा ऑक्सफर्डची आणि तिथेच त्याचं नशीब उघडलं असं म्हणायला हरकत नाही. कारण शाळकरी वयात त्याला प्राणिशास्त्र शिकवायला मिळाले एडवर्ड पोल्टन. काही प्राणी भडक रंगाचे का असतात, तो रंग शत्रूला इशारा असतो का, या प्रश्नावर ज्यांचं नाव पुढे जगभर घेतलं गेलं तेच हे पोल्टन. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात जाऊन प्राण्यांची शरीररचना अभ्यासायची मुभाही या पोराला मिळाली. पुढे ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जीवशास्त्र आणि भूशास्त्र शिकून १८८५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सहाय्यक म्हणून चिकटला.

पहिलं वर्ष कीटक विभागात गेलं. मग त्याच्या गळ्यात असं काम पडलं जे फारसं कुणाला नको असावं. कोळी, विंचू, गोमी आणि वाणी किडे यांच्या संग्रहाची जबाबदारी. साम्राज्य पसरलेलं, त्यामुळे जगाच्या कानाकोपऱ्यातून बाटल्या यायच्या. स्पिरिटमध्ये बुडवलेले कोळी, चिठ्ठीवर गावाचं नाव आणि पाठवणाऱ्याची सही. पोकॉकचं काम काय, तर बाटली उघडायची, भिंगाखाली पाय मोजायचे, डोळ्यांची मांडणी बघायची, केस तपासायचे आणि ठरवायचं की हा प्राणी शास्त्राला माहीत आहे की नवा आहे.

अठरा वर्षं त्याने हे केलं. या काळात दोनशेच्या आसपास शोधनिबंध लिहिले. एकट्या वाणी वर्गातल्या तीनशेहून जास्त जाती त्याच्या नावावर आहेत. म्हणजे माणूस कामाला वाघ होता, आणि वाघांवरही त्याने पुढे काम केलंच, ते नंतर येईल.

आता मुंबईकडे येऊ.

१८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी म्हणजे बीएनएचएस सुरू झाली. तिचा कारभार बराच काळ चालायचा एका दारूच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसातून. फिप्सन अँड कंपनीचे हर्बर्ट फिप्सन हे सोसायटीचे सचिव, त्यांच्यानंतर १९०६ पासून त्याच कंपनीचे वॉल्टर मिलार्ड. या ऑफिसात विल्यम नावाचा धनेश पक्षी पाळलेला होता. तो १८९४ मध्ये कारवारहून आला आणि १९२० पर्यंत तिथेच राहिला. फळं, उंदीर आणि विंचू खायचा, लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत झेलायचा आणि एकदा पेटलेली सिगारही गिळून मोकळा झाला होता. बीएनएचएसच्या बोधचिन्हावर आज जो धनेश दिसतो तो हाच.

विल्यमच्या तावडीतून सुटलेले विंचू आणि कोळी कुठे जायचे? त्यातले बरेच लंडनला, पोकॉकच्या टेबलावर. सदस्य कोकणात, घाटात, दख्खनमध्ये फिरायचे, सापडेल ते पाठवायचे. परतफेड म्हणून पोकॉक त्यांची नावं प्राण्यांना द्यायचा. एका भारतीय विंचवाला आणि चाबकासारखे लांब पाय असलेल्या एका चपट्या अष्टपादाला फिप्सनचं नाव मिळालं. मिलार्डच्या नावाने एक टॅरँट्युला आहे, प्लेसियोफ्रिक्टस मिलार्डी, आणि तो सापडला होता उरणला. हो, आपल्या जेएनपीटीच्या उरणला.

१८९९ हे वर्ष भारतीय टॅरँट्युलांसाठी जनगणनेचं वर्ष म्हणावं लागेल. त्या एका वर्षात पोकॉकने इतक्या जातींची नोंद केली की आजही भारतातल्या टॅरँट्युलांची यादी काढली तर पानापानावर त्याचं नाव दिसतं. त्यातले काही निबंध बीएनएचएसच्या मुंबईच्या जर्नलमध्येच छापून आले. माथेरानच्या लाल मातीत बीळ करून राहणारा हाप्लोक्लास्टस व्हॅलिडस त्याच वर्षीचा. पुण्याहून आलेल्या एका छोट्या जातीची नोंद पुढच्या वर्षी झाली. त्याच वर्षी, १९०० मध्ये, फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथमालेत त्याचा अष्टपाद प्राण्यांवरचा खंड आला. भारतातल्या कोळ्यांवर आणि विंचवांवर काम करणाऱ्या माणसाला आजही सुरुवात तिथूनच करावी लागते.

पण पोकॉकचं खरं प्रेम होतं पोसिलोथेरिया या गटावर. ग्रीक शब्दांतून आलेल्या या नावाचा अर्थ साधारण नक्षीदार श्वापद असा होतो. हे फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडतात. बाकीचे टॅरँट्युला बहुतेक करून जमिनीत राहतात, तर हे झाडावर. ढोलीत, सालीच्या फटीत. अंगावर राखाडी, काळी, पांढरी नक्षी अशी की झाडाच्या सालीवर बसला तर हातभर अंतरावरूनही दिसत नाही. डिवचला तर पुढचे पाय वर करतो आणि पायांच्या आतल्या बाजूचा पिवळाधमक रंग एकदम समोर येतो. इशाऱ्याचे रंग शिकवणाऱ्या पोल्टनचा विद्यार्थी या कोळ्यात गुंतला नसता तरच नवल.

या गटाच्या सवयी, इतिहास आणि जाती यांवर त्याने १८९९ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. महाराष्ट्रातही सापडणाऱ्या पोसिलोथेरिया रिगॅलिसला नाव दिलं ते याच वर्षी. रिगॅलिस म्हणजे राजेशाही. त्याचा मूळ नमुना तमिळनाडूतल्या अरक्कोणमचा, म्हणजे रेल्वे जंक्शनचा.

आणि रेल्वेचा विषय निघालाच आहे तर गुत्तीची गोष्ट सांगायलाच हवी.

गुत्ती हे आंध्रमधलं रेल्वेचं गाव. मुंबईहून चेन्नईला गाडीने गेला असाल तर झोपेत तुम्ही हे स्टेशन पार केलेलं असेल. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत एक टॅरँट्युला सापडला. धातूसारखा चमकणारा निळा. पोकॉकने त्याला नाव दिलं पोसिलोथेरिया मेटॅलिका. त्याच्या हातात होता तो हा एवढाच नमुना. त्यानंतर शंभर वर्षं हा कोळी पुन्हा कुणाच्या नोंदीत आला नाही. गुत्तीला लोक शोधत राहिले आणि तो तिथला नव्हताच. लाकडाबरोबर मालगाडीतून कुठूनतरी प्रवास करून आलेला पाहुणा असावा असं आता मानलं जातं. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, गुत्तीपासून साधारण शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात.

यात पोकॉकची मर्यादाही दिसते. त्याला गावाचं नाव मिळायचं ते चिठ्ठीवरून. प्राणी तिथे खरंच राहतो का, कसा राहतो, काय खातो हे बाटली सांगत नाही. एका-दोन नमुन्यांवरून त्याने केलेल्या काही वर्गवाऱ्या नंतर बदलाव्या लागल्या. अलीकडच्या काळात झीशान मिर्झा, राजेश सानप यांच्यासारखे अभ्यासक सह्याद्रीत प्रत्यक्ष बिळांपाशी बसून पोकॉकची जुनी कोडी सोडवतायत. तरी सव्वाशे वर्षांनंतरही त्याच्या वर्णनावरून प्राणी ओळखता येतो, हे साधं काम नाही.

जिवंत प्राणी बघितल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत, याचं एक मस्त उदाहरण पोकॉकच्याच आवडत्या विषयातलं आहे. कोळी आवाज करतो का? १८७० च्या दशकात आसाममध्ये पील नावाच्या चहामळेवाल्याला एक मोठा कोळी डिवचल्यावर आवाज करताना आढळला. कलकत्त्याचे प्राणिशास्त्रज्ञ वुड-मेसन यांनी तपासलं तर तोंडाजवळच्या अवयवांवर कंगव्यासारखे काटे सापडले, ते एकमेकांवर घासले की फुत्कार निघतो. आज हा कोळी चिलोब्रॅकिस गटात मोडतो आणि याच गटातली एक जात, चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस, महाराष्ट्रातही आहे. नाव देणारा अर्थात पोकॉक, वर्ष अर्थात १८९९. कोळ्यांच्या अंगातल्या या वाजणाऱ्या यंत्रांवर पोकॉकने स्वतंत्र लेखन केलं, वेगवेगळ्या देशांतल्या जातींत ती कुठे आणि कशी असतात हे मांडलं. काटे बाटलीतही दिसतात. पण आवाज ऐकायला कोळी जिवंतच लागतो.

कदाचित म्हणूनच असेल, १९०४ मध्ये या माणसाने बाटल्यांना रामराम ठोकला आणि थेट जिवंत प्राण्यांच्या दुनियेत गेला. लंडन प्राणिसंग्रहालयाचा सुपरिंटेंडंट झाला. एकोणीस वर्षं तिथे होता. १९११ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो म्हणून त्याची निवड झाली.

झूमधला त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. भडक रंगाचे किडे खरंच बेचव असतात का, हे तपासायला त्याने नाना तऱ्हेचे ब्रिटिश किडे झूमधल्या पक्ष्यांना आणि सस्तन प्राण्यांना खायला दिले. कोणी खाल्लं, कोणी चावून थुंकलं, कोणी वास घेऊन तोंड फिरवलं, सगळं लिहून काढलं. १९११ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि त्याला टिपणं जोडली होती जुन्या गुरुजींनी, म्हणजे पोल्टन यांनी. शाळेत पडलेला प्रश्न पन्नाशीला टेकल्यावर असा तपासायला मिळणं हे भाग्यच.

डिसेंबर १९१४ मध्ये युद्धावर फ्रान्सला निघालेला एक कॅनडाचा लष्करी अधिकारी आपली पाळीव अस्वलीण याच झूमध्ये सोडून गेला. तिचं नाव विनी. पुढे ए. ए. मिल्न यांचा लहान मुलगा तिच्या प्रेमात पडला आणि त्यातून विनी द पू जन्माला आला. ती आली तेव्हा सुपरिंटेंडंट पोकॉकच होता.

आणि मग कोल्हापूर. शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर, १९१० साल. तिथे बिबट्या आणि सिंहीण यांच्या संकरातून दोन पिल्लं जन्मली. एक अडीच महिन्यांत गेलं, दुसरं जगलं. मेलेल्या पिल्लाचं कातडं लंडनला पोकॉककडे पाठवलं ते मुंबईच्या मिलार्डने, ज्याच्या नावाने उरणचा टॅरँट्युला आहे त्याच मिलार्डने. अंगावरचे ठिपके कसे, शेपूट कशी, हे पोकॉकने १९१२ मध्ये लिहिलं. बिबट्या-सिंहिणीच्या या संकराला इंग्रजीत लेपॉन म्हणतात आणि जगातली त्याची पहिली पक्की नोंद आपल्या कोल्हापूरची आहे.

मांजरकुळाने त्याला बहुधा इथूनच ओढून घेतलं. १९१६ मध्ये त्याने सिंह आणि त्याच्या भाऊबंदांच्या घशातलं एक छोटं हाड तपासलं. डरकाळी फोडणाऱ्या मोठ्या मांजरांत हे हाड बाकीच्या मांजरांपेक्षा वेगळं असतं. त्या आधारावर त्याने सिंह, वाघ, बिबट्या आणि जग्वार यांना पँथेरा या एका छत्राखाली आणलं. हे नाव शंभर वर्षं आधीच ओकेन नावाच्या जर्मन अभ्यासकाने वापरलं होतं, पण ते रुजलं पोकॉकमुळे. कोरम मॉलमधला तो पाहुणा पुस्तकात पँथेरा पार्डस म्हणून लिहिला जातो, त्यातला पहिला शब्द असा आला.

१९२३ मध्ये, साठाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. निवृत्त म्हणजे काय, तर पुन्हा त्याच नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जाऊन बसला. या वेळी पगार नाही, स्वेच्छेने, सस्तन प्राण्यांच्या विभागात. आशियातले वाघ, सिंह, बिबटे यांवरचे त्याचे मोठे लेख १९२९-३० मध्ये पुन्हा मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्येच आले. तीस वर्षांपूर्वी कोळ्यांसाठी जे दार उघडलं होतं त्याच दाराने तो वाघ घेऊन परत आला. फॉना ऑफ ब्रिटिश इंडियाचे सस्तन प्राण्यांवरचे दोन खंड १९३९ आणि १९४१ मध्ये आले तेव्हा तो पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेला होता. ९ ऑगस्ट १९४७ ला तो गेला. सहाच दिवसांनी त्या ग्रंथमालेच्या नावातला ब्रिटिश इंडिया उरला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण कोळी पाळायची ही काय हौस?

ज्यांनी पाळलाय ते सांगतात की टॅरँट्युला हा कुत्रा-मांजरासारखा पाळीव प्राणी नाहीच. तो तुम्हाला ओळखत नाही, ओळखणारही नाही. मजा बघण्यात असते. दिवसा तो ढोलीत. रात्री अकरा-बारानंतर एकेक पाय बाहेर येतो. मग तासभर काहीच नाही. मग झुरळ जवळून गेलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत झडप. आठ डोळे असूनही त्याला दिसतं कमीच, सगळी मदार पायांवरच्या केसांतून जाणवणाऱ्या कंपनांवर. कधी आठवडेच्या आठवडे खाणं बंद. नवखा माणूस घाबरतो. मग एका सकाळी कोळी पाठीवर उताणा पडलेला दिसतो, मेला असं वाटतं. मेलेला नसतो, कात टाकत असतो. तासाभरात जुन्या कवचातून नवा, ओला, फिकट कोळी बाहेर सरकतो. मागे उरतं ते कवच इतकं पूर्ण असतं की दोन कोळी शेजारी शेजारी बसलेत असं वाटावं. तुटलेला पायही पुढच्या काही कातींत पुन्हा उगवतो. माद्या दहा-बारा वर्षं, काही जातींत त्याहून जास्त जगतात. नर बिचारे वयात आले की जोडीदार शोधायला बिळाबाहेर पडतात आणि त्यानंतर फार टिकत नाहीत. पावसाळ्यात घाटात रस्ता ओलांडताना दिसणारा टॅरँट्युला बहुतेक वेळा असाच एखादा नर असतो.

पोकॉकच्या निळ्या कोळ्याचं म्हणाल, तर तो निळा रंग रंगद्रव्याचा नाहीच. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश विशिष्ट पद्धतीने परावर्तित होतो म्हणून तो निळा दिसतो. मोरपिसासारखंच. २०१५ मध्ये टॅरँट्युलांच्या निळाईवर मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की टॅरँट्युलांमध्ये हा निळा रंग वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा स्वतंत्रपणे उगवलाय.

या निळ्या रंगानेच घात केला. २००१ मध्ये तो सापडल्याची बातमी पसरली आणि थोड्याच काळात तो परदेशातल्या हौशी लोकांच्या पेट्यांत पोचला. आज युरोप-अमेरिकेत त्याची पैदास होते आणि पिल्लं सर्रास विकली जातात. जंगलात मात्र तो अगदी छोट्या, लाकूडतोडीने विरळ झालेल्या पट्ट्यात उरलाय आणि आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. तो पेट्यांत भरपूर आहे आणि झाडांवर जवळजवळ नाही. कैदेतली ती पिल्लं त्या जंगलाच्या कामाला येत नाहीत.

म्हणून २०१९ मध्ये संपूर्ण पोसिलोथेरिया गट सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. म्हणजे देशाबाहेर व्यापार परवान्याशिवाय नाही. भारतात वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि सायटीसच्या यादीतला जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंदणी करणं बंधनकारक झालं. राष्ट्रीय उद्यानातून तर काडीही उचलता येत नाही, कोळी दूरच. इन्स्टाग्रामवर कुणी टॅरँट्युला विकताना दिसला तर तो कुठून आला हा पहिला प्रश्न विचारा. शिवाय पोसिलोथेरियाचा चावा जीवघेणा नसला तरी स्नायूंचे गोळे येऊन माणूस दिवसचे दिवस कळवळतो, हेही लक्षात असू द्या.

बघायची हौसच असेल तर पेटी लागत नाही. परवानगी असलेल्या निसर्गभ्रमंतीत पावसाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळनंतर टॉर्च घेऊन जा. वाटेकडेच्या मातीच्या उभ्या कडेला बघा, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, कडेला रेशमी अस्तर लावलेलं भोक दिसलं तर दोन हात लांब बसा. टॉर्चवर लाल कागद लावा आणि बोलू नका. आधी पायांची टोकं दिसतील.